घशाशी का येते? पोटाच्या घेराचे पदार्थविज्ञान

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीच्या वर्गात मी पास्कलचा नियम शिकवीत होतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे सांगून झाले. मोटारीचे ब्रेक, गॅरेजमधला जॅक ही नेहमीची उदाहरणेही देऊन झाली. तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला. एरवी फारसा न बोलणारा.

“सर, पाणी उंचावरून खाली वाहतं ना?”

“हो.”

“मग माझ्या बाबांच्या पोटातलं पाणी रात्री वर कसं चढतं? घशापर्यंत येतं. जळजळ होते म्हणून ते अंथरुणात उठून बसतात. आजी म्हणते पित्त आहे. बाबा सोडा पितात, थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच.”

वडिलांचे शिवणकामाचे दुकान आहे आणि ते दिवसभर मशीनवर वाकून बसतात, असे त्याने सांगितले. पोट सुटले आहे का, असे मी विचारले. मुलाने मान डोलावली आणि त्याची नजर नकळत माझ्या पट्ट्याकडे गेली. तेवढ्यात तो ओशाळला. पण त्यात त्याचे काहीच चुकले नव्हते. त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासताना जेवून लगेच पलंगावर लवंडायची मला सवय लागली होती आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो की आंबट पाणी माझ्याही घशाशी येत होते. अठरा वर्षे पास्कलचा नियम शिकवूनही तो आपल्याच पट्ट्याखाली चालू असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्या मुलाच्या प्रश्नाला त्या दिवशी मी अर्धवटच उत्तर दिले. उरलेले उत्तर शोधायला मला बरीच पुस्तके चाळावी लागली. ते आता तुमच्यापुढे मांडतो.

अर्धे सत्य

“पाणी उंचावरून खाली वाहते” हे विधान खोटे नाही, पण ते अर्धेच सत्य आहे. पिचकारीतले पाणी वर उडते. नळीने शहाळ्याचे पाणी पिताना ते वर चढते. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ढकलले जाते. वर चढताना त्याला स्वतःच्या वजनाविरुद्ध जावे लागते, एवढेच. दाबातील फरक पुरेसा असेल, तर ते चढते. नसेल, तर खाली राहते.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : पोटात आणि छातीत दाब किती असतो?

आपल्या धडाच्या दोन खोल्या आहेत अशी कल्पना करा. वरची छातीची, खालची पोटाची. मधला पडदा म्हणजे श्वासपटल. वरच्या खोलीत फुप्फुसे सतत आत आक्रसू पाहत असतात. त्यामुळे तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी, सुमारे ५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी असतो. खालच्या खोलीत आतडी, यकृत, जठर दाटीवाटीने बसलेली असतात आणि भोवती स्नायूंची भिंत असते. तेथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त, साधारण ५ मिलिमीटर पाऱ्याइतका जास्त असतो. म्हणजे दोन खोल्यांच्या दाबांत सुमारे १० मिलिमीटर पाऱ्याचा फरक झाला. श्वास आत घेताना श्वासपटल खाली सरकते. वरचा दाब आणखी घटतो, खालचा वाढतो आणि फरक आणखी रुंदावतो.

हा फरक पाण्याच्या भाषेत मांडू या. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून १० मिलिमीटर पारा म्हणजे १३६ मिलिमीटर, अर्थात १३.६ सेंटिमीटर पाणी. घसा आणि जठर यांना जोडणारी अन्ननलिका मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. ती श्वासपटलातल्या एका भोकातून खालच्या खोलीत उतरते आणि जठराला मिळते. ती नुसती उघडी नळी असती, तर शांत उभ्या असलेल्या निरोगी माणसाच्याही जठरातले पाणी निम्म्या अन्ननलिकेपर्यंत चढून राहिले असते. आडवे झाल्यावर तर चढ असा उरलाच नसता.

म्हणजे मुलाचा प्रश्न उलटाच करायला हवा. काही जणांचे आम्ल वर का येते याचे जितके नवल, तितकेच बाकीच्यांचे ते वर का येत नाही याचेही आहे.

चिमट्याने न सापडलेला पहारेकरी

आम्ल वर येत नाही, कारण वाटेत पहारा आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचे एक स्नायुवलय आहे. ते सदैव आवळलेले असते. घास गिळला की काही सेकंद सैल पडून घासाला वाट देते आणि पुन्हा आवळते.

याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. शरीररचनाशास्त्रज्ञांनी येथे शोधूनही दारासारखा ठळक, जाड असा स्नायू त्यांना दिसत नव्हता. तो आहे की नाही, यावर वाद होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील फाइक, कोड आणि श्लेगेल यांनी तो कापून पाहिला नाही, तर मोजला. बारीक नळ्या अन्ननलिकेत सोडून जागोजाग दाब मोजत गेले, तेव्हा जठराच्या किंचित वर एक छोटा पट्टा असा आढळला की तेथे दाब एकदम चढतो आणि पुढे पुन्हा उतरतो. १९५६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जे चिमट्याला सापडले नाही ते दाबमापकाला सापडले.

निरोगी माणसात या वलयाचा दाब जठरातील दाबापेक्षा साधारण १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याने जास्त असतो. म्हणजे जठराने कितीही ढकलले, तरी दाराची पकड त्याहून घट्ट.

शिवाय पहारेकरी एकटा नाही. अन्ननलिका श्वासपटलाच्या ज्या भोकातून जाते, त्या भोकाच्या कडेचे स्नायू तिच्याभोवती चिमट्यासारखे बसलेले असतात. आपण खोकतो, जड बादली उचलतो, तेव्हा पोटातील दाब क्षणभर ५० मिलिमीटरच्याही वर जाऊ शकतो. अशा वेळी नेमका हा चिमटाही आवळतो. वलय आणि चिमटा एकाच जागी, एकावर एक असतात. दाराला आतून कडी आणि बाहेरून अडसर, तसा हा प्रकार.

मात्र हे दार अधूनमधून मुद्दामच उघडले जाते. जेवताना गिळलेली हवा जठराच्या वरच्या भागात साठते. तो भाग ताणला गेला की मज्जातंतूंमार्फत निरोप जातो आणि वलय काही सेकंद सैल पडते. हवा ढेकर होऊन बाहेर पडते. ही सोय नसती, तर पोट फुगून बेजार झाले असते. पण दार उघडे असताना हवेबरोबर थोडे आम्ल निसटलेच, तर? निरोगी माणसातही असे रोज काही वेळा घडते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग

शेकायची रबरी पिशवी बहुतेक घरांत असते. तिच्या तोंडात घट्ट बसेल असे, एक भोक असलेले रबरी बूच घ्या. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी वापरतात तसली पारदर्शक नळी मीटरभर आणून त्या भोकात घट्ट बसवा. पिशवीत थंड पाणी भरा (गरम मुळीच नको), आतली हवा काढून टाका आणि बूच लावा. पिशवी टेबलावर आडवी ठेवा. नळी उभ्या फूटपट्टीला दोऱ्याने बांधा. नळीत पाणी कोठवर आहे, तेथे खूण करा.

आता पिशवीवर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. समजा, गठ्ठ्याची खालची बाजू २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि वजन ३ किलो आहे. क्षेत्रफळ झाले ३०० चौरस सेंटिमीटर. ३००० ग्रॅम भागिले ३०० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅम. एक सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचे वजन दर चौरस सेंटिमीटरला १ ग्रॅम असते. म्हणून नळीतले पाणी सुमारे १० सेंटिमीटर चढायला हवे. रबराचा ताण आणि पिशवीची गोलाई यांमुळे उत्तर थोडे इकडेतिकडे होईल. ६ किलो ठेवा, पाणी दुपटीच्या जवळपास चढेल.

पुस्तके ठेवली पिशवीच्या मध्यावर, पाणी चढले दूरच्या नळीत. हाच पास्कलचा नियम. आता नळी चिमटीत धरून तोच प्रयोग करा. पाणी चढणार नाही. चिमूट क्षणभर सैल करा, पाणी उसळी घेईल. तुमची चिमूट म्हणजे स्नायुवलय, पुस्तके म्हणजे पोटावरचा भार.

चरबी कोठे बसते?

“पोट सुटणे” यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक चरबी कातडीखाली असते. चिमटीत धरता येते ती ही. दुसरी असते पोटाच्या स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि आतड्यांपुढे पदरासारख्या लोंबणाऱ्या वपेत. ही चिमटीत येत नाही. बाहेरून पोट टणक आणि पुढे आलेले दिसते. दाबाच्या दृष्टीने ही आतली चरबी अधिक महत्त्वाची, कारण ती बंद खोलीतच जागा अडवते. भरलेल्या ट्रंकेत आणखी दोन चादरी कोंबल्यावर झाकणाला जसे बसून बंद करावे लागते, तशी खोलीची अवस्था होते.

याचे परिणाम एक नाही, तीन होतात.

पहिला, पोटातील दाब कायमचाच वाढतो. पोटाचा घेर आणि जठरातील दाब हे एकमेकांबरोबर वाढतात, असे प्रत्यक्ष मोजमापांत दिसून आले आहे. समजा, दोन खोल्यांतील फरक १० वरून १५ मिलिमीटर झाला. १५ गुणिले १.३६ म्हणजे २०.४ सेंटिमीटर पाणी. म्हणजे दार उघडे सापडले, तर आम्ल आता जवळजवळ घशापर्यंत पोचू शकते. त्यात माणूस पुढे वाकला, तर खोली आणखी दबते. मशीनवर वाकणारा शिंपी आणि नाडी बांधणारा प्राध्यापक यांची गत एकच.

दुसरा परिणाम दाराच्या जागेवर होतो. खालून सतत रेटा बसला की अन्ननलिकेचा जोड आणि कधी जठराचा वरचा काठही श्वासपटलाच्या भोकातून वर, छातीच्या खोलीत सरकतो. मग स्नायुवलय वर आणि श्वासपटलाचा चिमटा खाली अशी ताटातूट होते. कडी एका दाराला आणि अडसर दुसऱ्याच दाराला लागला, तर दोन्ही असून पहारा दुबळाच.

तिसरा परिणाम दाराच्या उघडझापीवर. स्थूल माणसांत जेवणानंतर वलय आपोआप सैल पडण्याचे प्रसंग अधिक वेळा येतात, असे आढळले आहे. भरपेट जेवणानेही असेच होते. फुगा फुगवून पाहा. तो जसजसा फुगतो, तसतशी त्याची मान आखूड होत जाते. जठर तुडुंब भरले की त्याच्या तोंडाशी असलेल्या वलयाची खालची बाजूही अशीच ताणली जाऊन त्याची परिणामकारक लांबी घटते.

पट्ट्याचा प्रयोग

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील : जाड माणसांना जळजळ जास्त होते हे खरे, पण ते जास्त आणि तेलकट खातात म्हणून होत नसेल कशावरून? दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शंका अगदी रास्त आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील संशोधकांनी ही शंका मोठ्या युक्तीने तपासली. जळजळीची तक्रार नसलेले २४ जण त्यांनी निवडले. निम्म्यांचा कमरेचा घेर नेहमीसारखा, निम्म्यांचा मोठा. त्यांच्या अन्ननलिकेत दाब आणि आम्लता मोजणारी बारीक साधने सोडली. मग प्रत्येकाची तपासणी दोनदा केली : एकदा तशीच आणि एकदा कमरेला पट्टा आवळून. माणूस तोच, जेवण तेच, चरबीही तीच. बदलला तो फक्त बाहेरचा दाब. पट्टा आवळल्यावर जठरातील दाब वाढला, अन्ननलिकेचा जोड वर सरकला आणि आम्ल नेहमीपेक्षा वर पोचले. मोठ्या घेराच्या माणसांत पट्ट्याशिवायही याच दिशेचे बदल होते. २०१४ साली हे काम प्रसिद्ध झाले. पोटाची चरबी हा न काढता येणारा आतला पट्टाच आहे, असे यावरून म्हणता येईल.

याला जोड म्हणून दुसरी पाहणी ध्यानात घ्या. अमेरिकेतील सुमारे साडेदहा हजार परिचारिकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वजन वाढले, तशी जळजळ वाढली. ज्यांचे वजन मुळात प्रमाणात होते, पण नंतर वाढले, त्यांच्यातही. उलट, ज्यांचा भारांक साडेतीन अंकांहून अधिक उतरला, त्यांच्यात वारंवार जळजळ होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली.

भारांक म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १.६ मीटर उंचीचा वर्ग २.५६. त्याला ३.५ ने गुणले तर ८.९६, म्हणजे सुमारे ९ किलो. आकडा लहान नाही. पण वर्ष-दोन वर्षांत, हळूहळू गाठता येण्याजोगा आहे.

जठर जळत नाही, मग अन्ननलिका का जळते?

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राऊट या इंग्लिश वैद्याने दाखवून दिले. त्याचा निबंध १८२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम बोमाँट हा लष्करी डॉक्टर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला पडलेल्या भोकातून जठररस काढून तपासत होता. १८२२ साली बंदुकीची गोळी लागून झालेली ती जखम बरी झाली, पण भोक बुजलेच नाही. बोमाँटचे पुस्तक १८३३ साली निघाले.

जठररसाचा सामू दीड ते दोनच्या आसपास असतो. सामूचा एक अंक उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे सामू २ चा जठररस सामू ७ च्या पाण्यापेक्षा एक लाखपट आम्लधर्मी. जठराला आतून श्लेष्म्याचा जाड थर आणि आम्ल मारणारे बायकार्बोनेट यांचे अस्तर असते. अन्ननलिकेला असे अस्तर नाही. ती अन्न वाहून न्यायला बनली आहे, आम्ल साठवायला नव्हे. अन्ननलिकेतील सामू ४ च्या खाली गेला की आम्ल वर आले, असे डॉक्टर मानतात.

वर आलेले आम्ल परत धुऊन नेण्याचे काम लाळ करते. दिवसाला लिटरभराहून अधिक लाळ आपण गिळतो आणि तिच्यात थोडे बायकार्बोनेट असते. झोपेत मात्र लाळ फारच कमी सुटते, गिळणे जवळजवळ थांबते आणि आडवे झाल्याने गुरुत्वाकर्षणाची मदतही जाते. त्या मुलाच्या वडिलांना रात्रीच का त्रास होतो, याचे उत्तर हे आहे. उठून बसल्यावर बरे वाटते, यातही पित्त खवळण्या-शमण्यापेक्षा पदार्थविज्ञानाचाच भाग मोठा आहे.

सोडा, विटा आणि डावी कूस

सोडा प्यायल्याने काय होते? खाण्याचा सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. आम्ल मरते, म्हणून क्षणभर थंड वाटते. पण हिशेब करा : ८४ ग्रॅम सोड्यापासून २२.४ लिटर वायू, म्हणजे पुरेसे आम्ल मिळाले तर एका ग्रॅमपासून पाव लिटरहून अधिक. हा वायू जठर फुगवतो आणि फुगलेले जठर दार उघडण्याचा निरोप धाडते! शिवाय त्यातले सोडियम रक्तदाब असलेल्यांना बाधक. म्हणून सोडा हा रोजचा उपाय नव्हे.

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास उरकणे हा साधा उपाय. तोवर जठर बरेचसे रिकामे होते. पोटाला आवळणारा पट्टा, नाडी, परकराची गाठ सैल करणे हा दुसरा.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ सेंटिमीटर उंच करायला सांगतात. याचेही गणित पाहू. २ मीटरच्या पलंगाला १५ सेंटिमीटर उतार, तर २५ सेंटिमीटरच्या अन्ननलिकेला अवघा १.९ सेंटिमीटर. एवढ्या चढाने आम्ल अडणार नाही. पण आलेले आम्ल तेथे तुंबून न राहता परत ओघळते आणि जळजळीचा वेळ घटतो. नुसत्या उशांवर उशा रचून मात्र उपयोग नाही. त्याने कंबर वाकते आणि पोट उलट दाबलेच जाते.

डाव्या कुशीवर झोपण्याचे कारण अर्धी भरलेली बाटली सांगते. जठराचा मोठा पिशवीसारखा भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर आम्ल त्या पिशवीत उतरते आणि तोंड वर, हवेत राहते. उजव्या कुशीवर तोंडच आम्लात बुडते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली सर्वांत महत्त्वाची, म्हणून नीट लक्षात ठेवा. छातीतली प्रत्येक जळजळ आम्लाची नसते. घरातल्या मोठ्या माणसाच्या छातीत दडपल्यासारखे होत असेल, घाम सुटत असेल, धाप लागत असेल, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर “पित्त असेल” म्हणून सोडा देत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठून हृदयाचा आलेख काढून घ्यायचा. या एका चुकीच्या समजुतीने माझा एक सहकारी गेला. रात्री छातीत दुखू लागले तेव्हा त्याने सोडा घेतला आणि सकाळची वाट पाहिली. त्याचा मुलगा त्या वेळी नववीत होता. तसेच घास अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, कारणाशिवाय वजन उतरणे ही लक्षणे दिसली, तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. वर्षानुवर्षे आम्ल येत राहिले, तर अन्ननलिकेच्या अस्तरात बदल होऊन पुढे गंभीर आजारही उद्भवू शकतो.

दुसरी गोष्ट चेष्टेची. पोट हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. सडपातळ माणसांनाही जळजळ होते, आणि पोट सुटलेल्या कित्येकांना कधीच होत नाही. गरोदरपणात गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरके यांनी ती होते, धूम्रपानाने वलय ढिले पडते. तेव्हा वर्गातल्या जाड मुलाला या लेखाचा आधार घेऊन कोणी चिडवू नये. वाढत्या वयात मनानेच उपास करू नयेत, हेही सांगायला हवे.

शिंप्याची टेप

मी त्या मुलाला सांगितले, आधी डॉक्टर. त्याचे वडील गेले. डॉक्टरांनी प्रथम हृदयाचा आलेख काढला. तो ठीक निघाला. मग दुर्बिणीने अन्ननलिका पाहिली. खालच्या टोकाला लाली आणि ओरखडे होते. काही आठवड्यांची आम्ल कमी करणारी गोळी मिळाली आणि वजन उतरवायला सांगण्यात आले.

दिवाळीच्या सुटीपूर्वी ते मला भेटायला आले. खिशातून टेप काढून म्हणाले, “सर, तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतोय. स्वतःची कधी मोजली नव्हती. मुलानं मोजली. एकशे चार.”

आपल्याकडे प्रौढ पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर याच्या आत असावा, असे मानले जाते. मग त्यांनी टेप माझ्यापुढे धरली. नाही कशी म्हणणार? माझा आकडा निघाला ९८.

आता ते साडेसातला जेवतात, दुकानात तासातासाने उठतात आणि सकाळी चालून येतात. पलंगाखाली विटा आहेत. परवा मुलाने सांगितले, एकशे चारचे नव्याण्णव झाले. औषध डॉक्टरांनी कमी केले. महिन्यातून एखाददुसऱ्या रात्रीच आता उठावे लागते. माझा पट्टा एक भोक मागे आला आहे, दुसरे अजून दूर आहे.

यंदा पास्कलचा नियम शिकवताना मी ब्रेक आणि जॅक यांच्याआधी शेकायची पिशवी टेबलावर ठेवली. तुम्हीही हा प्रयोग घरातल्या मोठ्यांसमोर करा आणि झाल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढा. मोजायचे कसे, तेवढे सांगतो : उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, टेप न आवळता. आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.